हिवाळ्याची काळी चाकं

कोन्नो-सानांचं पोस्टकार्ड परवा आलं. आमच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज आहे, आणि नोव्हेंबर लागला की ते सगळ्या गिऱ्हाइकांना हातानं दोन ओळी लिहून पाठवतात: सकाळचं पाणी गोठायला लागलंय, हिवाळ्याचे टायर चढवायला कधी येता? पूर्वी हे कार्ड मिलिंदच्या, माझ्या नवऱ्याच्या नावानं यायचं. यंदा माझ्या नावानं आलं. मी ते वाचलं, फ्रिजवर अडकवलं, आणि खुर्चीत बसले ती पाऊण तास उठलेच नाही. झालं काहीच नव्हतं. आणखी एक हिवाळा आला होता, आणि माझे हातपाय आधीच दमले होते.

जपानच्या ईशान्येकडच्या आमच्या सेंदाईचा हिवाळा तसा फार मोठा नाही. पश्चिमेच्या डोंगरांपलीकडे माणूसभर बर्फ पडतं. इकडे वीतभर पडतं, दुपारी वितळतं, अंधार पडला की गोठतं, आणि सकाळी रस्ता नुसता ओला दिसतो. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण कुणीतरी या रस्त्यावर उभं राहूनच केली असावी. त्या ओल्या दिसणाऱ्या डांबरावर एक पातळ थर असतो, आणि तो आहे हे त्याच्यावर पाय किंवा चाक पडल्यावरच कळतं. पुलांवर तो सगळ्यात आधी धरतो. आमच्या उतारावर, जिथे दुपारपर्यंत ऊन पोचत नाही, तिथे त्यानंतर लगेच.

पुण्यात टायरला ऋतू नसतो. तिथे टायर एकदा चढला की नक्षी गुळगुळीत होईपर्यंत चढलेला. मग रिमोल्ड, मग पुन्हा गुळगुळीत, आणि आतली तार दिसायला लागली की मग घरात चर्चा. माझे वडील स्कूटरच्या टायरवर अंगठा फिरवायचे, ‘अजून नक्षी आहे’ म्हणायचे, आणि विषय संपायचा. मी त्याच शाळेत शिकले. इथे मात्र सगळं शहर वर्षातून दोनदा चाकं बदलतं. नोव्हेंबरअखेरच्या रविवारी पार्किंगमध्ये माणसं जॅक घेऊन वाकलेली असतात, बाल्कनीत झाकून ठेवलेली चार चाकं एकेक करून खाली येतात, गॅरेजात दोन-दोन आठवड्यांची रांग लागते. हिवाळ्याच्या टायरला स्टडलेस म्हणतात. खिळे नसलेला, मऊ रबराचा, अंगभर बारीक चिरा असलेला. साधा टायर थंडीत कडक होतो, हा मऊ राहतो आणि रस्ता धरतो. टोकियोजवळचं कावासाकी सोडून सेंदाईला आल्यापासून आठ वर्षं मी हे सगळं वरून, खिडकीतून पाहिलं, कारण आमच्या घरी ते खातं मिलिंदचं होतं.

आमची गाडी दोनच माणसांची आहे. लाल, बुटकी, मागच्या चाकांवर पळणारी, आणि गिअर हातानं टाकायची. ईरा, आमची मुलगी, त्सुकुबाला विद्यापीठात गेली त्या वर्षी मिलिंदनं ती सेकंडहँड घेतली. आता घरात दोनच माणसं उरली, तर दोनच सीट पुरे, हे त्याचं स्पष्टीकरण. मी म्हटलं, पन्नाशीत लोक गुडघ्याचा पट्टा घेतात. त्याला काही फरक पडला नाही. रविवारी सकाळी तो तिला मऊ फडक्यानं पुसायचा, आणि मी वरून म्हणायची, एवढ्या मायेनं कधी ओटा पुसला नाहीस. हिवाळ्यात मात्र तो तिला कव्हर घालून ठेवायचा आणि बसनं ऑफिसला जायचा. या गाडीला बर्फ दाखवायचं नाही, असा त्याचा नियम होता. म्हणून तिच्यासाठी हिवाळी चाकं कधी घेतलीच नव्हती.

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. ऑफिसात ज्या जपानीवर त्याचा रुबाब होता ती साफ पुसली गेली. इंग्रजी अर्धीमुर्धी राहिली. मराठी राहिली, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढावा तशी. दुसऱ्या आठवड्यात मोरी-सान नावाच्या त्याच्या थेरपिस्टनं, आमच्या ईराहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, त्याला विचारलं की तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवं आहे. असं विचारायची इथे पद्धतच आहे, आणि जे सांगाल ते कागदावर सगळ्यात वर लिहितात. मला वाटलं तो बोलणं म्हणेल, हात म्हणेल. तो म्हणाला, ‘गाडी.’ मी माझ्या मोडक्या जपानीत भाषांतर केलं आणि मोरी-साननी ते लिहून घेतलं.

सहा महिने मिळणार होते. सुरुवातीचे दवाखान्यात राहून, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत आठवड्यातून तीन सकाळी जाऊन-येऊन. तेवढ्यात उजवं पाऊल घोट्यातून उचललं गेलं पाहिजे, ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर आणि परत सरकलं पाहिजे. नाहीतर ती गाडी त्याच्यासाठी संपली. एवढं साधं होतं सगळं. आणि ते महिने म्हणजे नेमका अख्खा हिवाळा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

ईरा फोनवर म्हणाली, ती विका आणि फोर-व्हील-ड्राइव्हची एखादी डब्यासारखी छोटी गाडी घ्या. ती जपानीत बोलते, मी मराठीत, आणि आमचं भांडण दोन्ही भाषांत व्यवस्थित होतं. तिचं काही चुकत नव्हतं. आमच्या इमारतीत एका घराला एकच पार्किंग, आणि जागेचा दाखला असल्याशिवाय इथे दुसरी गाडी घेता येत नाही. बसस्टॉप साठ-सत्तर पायऱ्या उतरून. बर्फाच्या सकाळी टॅक्सीवाल्यांचा फोन लागत नाही. हॉस्पिटलची व्हॅन आमच्या टेकडीपर्यंत येत नाही. पण त्या कागदावर सगळ्यात वर जे लिहिलंय तेच विकून टाकून, ‘चल आता व्यायामाला’ असं त्या माणसाला कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी ईराला म्हटलं, गाडी राहील. ‘आई, मुरी,’ ती म्हणाली, म्हणजे हे जमायचं नाही. तेही काही खोटं नव्हतं.

त्यात माझं लायसन ऑटोमॅटिकपुरतं. पुण्याचं लायसन इथे बदलून घेताना परीक्षा सोपी जावी म्हणून मीच तसं घेतलं होतं. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी तेच केलंय. म्हणून नोव्हेंबरात मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींच्या रांगेत जाऊन बसले, क्लचसाठी. पुण्यात बारा वर्षं मी गिअरची गाडी चालवली होती, पण पाय विसरला होता. माझी कावासाकीच्या कंपनीसाठी घरून चालणारी टेस्टिंगची नोकरी, दवाखाना, फॉर्म, इन्शुरन्सचे फोन, आणि मधल्या तासाला हा क्लच. गाडी बंद पडली की शिकवणारे गृहस्थ ‘दाइजोबु’ म्हणायचे, काही हरकत नाही, आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहायचे. अगदी नाकी नऊ आले, पण लायसन झालं.

चाकांचा प्रश्न तेवढ्यात आपोआप सुटला, असं मला वाटलं. कावासाकीच्या मराठी मंडळातले जुने ओळखीचे सोमण कायमचे पुण्याला परत निघाले होते. त्यांच्याकडे हीच गाडी होती, आणि नागानोला स्कीइंगला जायच्या हौसेनं घेतलेला हिवाळी चाकांचा संच घरात पडून होता. तुम्हाला होईल, ठेवा, म्हणाले. फोटो पाठवला. रुंद, चंदेरी, दहा आऱ्यांची चाकं. मिलिंदनं फोन डाव्या हातात धरला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा अर्धा चेहरा हसला. कुरिअरनं चार खोकी आली. मी बाल्कनीत बसून प्रत्येक टायरवर अंगठा फिरवला. नक्षी खोल, चिरा शाबूत, जवळजवळ नवेच. फुकटचं ते पौष्टिक, असं मनात म्हटलंसुद्धा. खरं तर कोन्नो-सानांना दाखवायला हवे होते. पण त्यांचं बोलणं म्हणजे इथलं गावाकडचं जपानी, निम्मे शब्द तोंडातल्या तोंडात. मिलिंदशिवाय त्यांच्यापुढे उभं राहायची मला लाज वाटली. मी पेट्रोल पंपावर चाकं चढवून घेतली. त्यांनी विचारलं, हीच ना? मी म्हटलं, हीच.

डिसेंबरात एका बुधवारी पहिलं बर्फ पडलं. सकाळी आठला निघालो तेव्हा थांबलं होतं, आकाश निळंशार, आणि शेजारचे आजोबा आपल्या दारापुढचं बर्फ फावड्यानं बाजूला करत होते. मी अगदी हळू उताराला लागले. पहिल्या वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला आणि काहीच झालं नाही. पायाखाली नुसती खरखर. गाडीचा मागचा भाग शांतपणे पुढे यायला लागला, जणू त्याला आधी पोचायचं होतं. मिलिंद म्हणाला, ‘सोड.’ ब्रेक सोड, असं त्याला म्हणायचं होतं. मी सोडला नाही, उलट सगळं वजन घालून उभी राहिले. हँडब्रेक त्याच्या उजव्या हाताशी होता आणि तो हात मांडीवरून हललाच नाही. मी ते पाहिलं, आणि त्यानंही पाहिलं. मग गाडी आडवी झाली आणि कडेला लोटलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यात अलगद जाऊन बसली. एक ओरखडासुद्धा आला नाही. त्या दिवशीचा व्यायाम मात्र बुडाला.

आजोबांनी फोन केला असावा, कारण कोन्नो-सान आपला छोटा ट्रक घेऊन आले. गाडी ओढून काढली, गॅरेजात नेली, आणि खाली बसून सोमणांच्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलं. वळ उठला नाही. मग आपल्या ट्रकच्या टायरवर नख दाबलं. तिथे स्पष्ट चंद्रकोर उमटली. नंतर त्यांनी टायरच्या कडेला छापलेले चार आकडे मला दाखवले, कितव्या आठवड्यात आणि कुठल्या साली तो टायर बनला ते. नऊ वर्षं झाली होती. नक्षी जशीच्या तशी होती, कारण टायर वापरलेच नव्हते, आणि रबर पडल्यापडल्या वाळून कडक झालं होतं. मी अंगठा फिरवला होता, दाबला नव्हता. नवऱ्याला, तोही अर्ध्या अंगानं, मी वडिलांच्या स्कूटरच्या शास्त्रावर त्या उतारावरून खाली नेलं होतं. कपाळ माझं, दुसरं काय.

गॅरेजात रॉकेलचा स्टोव्ह पेटलेला असतो, त्यावर किटली. रबराचा, रॉकेलचा आणि कडक हिरव्या चहाचा मिळून एक वास येतो तिथे.  मिलिंदला स्टोव्हजवळच्या खुर्चीत बसवलं आणि मी कॅटलॉग घेऊन उभी राहिले. रुंदी, व्यास, चाक किती आत किंवा बाहेर बसणार, कुठला टायर बर्फावर चांगला आणि कुठला ओल्या रस्त्यावर. यातलं मला काय कळणार होतं? कोन्नो-सानांना माझं तोंड पाहूनच समजलं असावं. ते मला बाहेर घेऊन गेले. ताज्या बर्फावर त्यांनी तळहात पसरून ठेवला. तो वरच राहिला. मग हाताची कड खाली रोवली. ती डांबराला लागली. रुंद चाक वर तरंगतं, अरुंद चाक रस्त्यापर्यंत पोचतं. एवढी सोपी गोष्ट मला कुठल्याच भाषेत कुणी सांगितली नव्हती.

मग त्यांनी एक लहान चाक लावून पाहिलं. ते ब्रेकवर अडकलं, कारण अशा गाड्यांचे ब्रेक मोठे असतात. त्याहून एका मापानं मोठं लावलं. ते बसलं, आत पेन्सिल जाईल एवढी फट राहिली. चाक हातानं फिरवून त्यांनी कान लावला, कुठे घासत नाही ना. हे साधं, काळं, पोलादी चाक होतं, ज्याला इथले लोक टेच्चिन म्हणतात. त्याच मापात एक देखणं मिश्रधातूचं चाकही होतं, काळंच, पाच आऱ्यांचं, आणि मिलिंदची नजर कधीचीच त्याच्यावर गेली होती. कोन्नो-सानांनी खुणेनंच समजावलं की बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात ते या देखण्या चाकाला खातं, आणि कडेला आपटलं तर ते तडकतं. पोलादी वाकलं तर हातोडीनं सरळ होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आपटणार हे गृहीत धरलेलं होतं, आणि ते योग्यच होतं.

मी पोलादी म्हटलं. मिलिंदनं त्या काळ्या चाकाकडे पाहिलं, त्या लाल गाडीकडे पाहिलं, आणि एकच शब्द बोलला: ‘रिक्षा.’ सप्टेंबरनंतर मी पहिल्यांदा खळखळून हसले. पण तो हसत नव्हता. डाव्या हातानं तो त्या पाच आऱ्यांच्या चाकाकडे बोट दाखवत राहिला, पुन्हा पुन्हा, लहान मुलासारखा हट्टाला पेटून. आणि मी तीन महिन्यांची दमलेली, बर्फातून ओढून काढलेली बाई. मी म्हटलं, ‘चालवणार मी आहे, मिलिंद.’ त्यानं बोट खाली घेतलं. कोन्नो-सानांना मराठी येत नाही, पण ते उठून किटलीत पाणी घालायला गेले. मी बोलले ते खरंच होतं, पण ते मोरी-सानच्या त्या कागदाच्या विरुद्ध होतं, आणि आम्हा दोघांना ते कळलं.

मग सोमवार, बुधवार, शुक्रवार. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बर्फाचा अंदाज असेल तर आदल्या संध्याकाळी वायपर उभे करून ठेवायचे, नाहीतर ते काचेला चिकटून गोठतात. हँडब्रेक ओढायचा नाही, तो गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची. मागची चाकं हलकी पडू नयेत म्हणून डिकीत तीस किलोचं तांदळाचं पोतं. ते पोतं आमच्यात तिसऱ्या माणसासारखं हिंडलं अख्खा हिवाळा. सकाळी सातला काचेवरचं बर्फ खरवडायचं, इंजिन चालू करायचं, वर यायचं, मिलिंदच्या पायाला पट्टा बांधायचा, बूट चढवायचा, डबा भरायचा, त्याला खाली आणायचं. त्या बुटक्या गाडीत त्याला बसवणं म्हणजे आधी त्याची पाठ, मग डोकं वाकवून, मग एक पाय आणि मग दुसरा पाय उचलून. मी पन्नाशी ओलांडलेली, माझीही कंबर आहे. कधी कधी त्याला बसवून दार लावलं की दोन मिनिटं मी गाडीच्या मागे नुसती उभी राहायची. त्याला आरशात दिसत असेल. त्यानं कधी विचारलं नाही.

गाडीत तो बोलायचा. घरी दिवसभरात पाच शब्द व्हायचे नाहीत, पण गाडीत ते यायचे, एकेकटे. ‘दुसरा,’ म्हणजे निसरड्यावर पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरवर निघ. ‘लांब,’ म्हणजे बॉनेटकडे बघू नकोस, रस्त्याच्या टोकाकडे बघ. ‘हळू,’ म्हणजे क्लच. आणि ‘सोड.’ हा शब्द मी शंभरदा ऐकला असेन. आधी मला त्याचा राग यायचा. उंटावरचा शहाणा, असं मनात म्हणायची. स्वतःला पाऊल उचलता येत नाही आणि मला शिकवतोय. मग एका शुक्रवारी, जानेवारीत, हिरोसे नदीच्या पुलावर मागची चाकं सरकली आणि मी, कुणी सांगायच्या आत, पाय काढून घेतला, स्टिअरिंग सरकत्या बाजूला दिलं, आणि गाडी सरळ झाली. सगळं मिळून दोन सेकंद. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पुढेच बघत होता आणि काहीतरी गुणगुणत होता. त्याला सूर कधीच नव्हता, झटक्याआधीही.

हॉस्पिटलात मोरी-साननी त्याच्यासाठी लाकडाच्या दोन ठोकळ्यांचे पेडल बनवले होते. याच्यावरून उचल, त्याच्यावर ठेव. मी काचेबाहेर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची, काम कमी आणि लक्ष आत जास्त. डिसेंबरात पाऊल दोन बोटं उचललं गेलं, तेव्हा मी कोम्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, लाल बीनचे बन आणून सगळ्यांना वाटले. जानेवारीत तेवढंच राहिलं. फेब्रुवारीत मी बोटं मोजणं बंद केलं आणि दिवस मोजायला लागले. एकही दिवस चुकवायचा नाही. बर्फ पडो, वारा असो, मला ताप असो. मी देवधर्म फारसा करत नाही, पण तो नवसच होता: मी तुझा एकही दिवस बुडवणार नाही आणि तू त्याचं पाऊल उचल. डिसेंबरातला तो बुडालेला बुधवार मला खुपत राहिला. वाटायचं, तेवढ्यानंच तर अडलं नसेल?

लोक म्हणतात थकवा झोपल्यावर जातो. तसा जाणारा थकवा मला चांगला ठाऊक आहे, ईरा लहान असताना तोच होता. हा वेगळा. हा सकाळी माझ्याआधी उठून बसलेला असायचा. फोनवर लोक म्हणायचे, कमाल आहे तुझी, जपानच्या बर्फात स्पोर्ट्स कार चालवतेस. पुण्यात माझ्या बहिणीनं तर कौतुकानं सगळ्यांना फोटो पाठवला, लाल गाडीशेजारी मी, टोपी घालून. त्या फोटोत मी हसतेय. खरं म्हणजे त्या क्षणी मला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं की आजच्या दिवस तू बस, मी चालवतो. आणि ते म्हणू शकणारा एकच माणूस फोटोत काचेमागे बसला होता.

तर आता पुन्हा नोव्हेंबर. हे लिहितेय तेव्हा मिलिंद समोर बसून डाव्या हातानं मटार सोलतोय, निम्मे खातोय. ईरा परवा म्हणाली, आता तरी विका. मी नाही म्हटलं नाही. तरीही काल मी कोन्नो-सानांना फोन केला आणि शनिवार सकाळची वेळ घेतली. त्यांचं बोलणं मला आता बरंच कळतं. गेल्या वर्षीचे टायर एकाच हिवाळ्याचे, रबर अजून मऊ आहे. काळी चाकं त्यांच्याच माळ्यावर आहेत. मी हे का केलं, हे सांगायचं तर मार्चमधला शेवटचा दिवस सांगावा लागेल, आणि तो मी अजून ईरालाही सांगितलेला नाही.

त्या दिवशी ऊन होतं. व्यायाम संपल्यावर मोरी-साननी मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं आणि माझ्यासाठी अगदी सावकाश, सोप्या जपानीत सांगितलं. काठी आणि पट्टा घेऊन ते चालतील, घरात तर चांगलेच चालतील. पण पाऊल पेडलवर येणार नाही. डाव्या पायानं चालवायच्या गाड्या असतात, पुढे कधी विचार करता येईल, पण ही गाडी नाही. तिनं मान खाली घातली आणि तशीच राहिली. मी तिला म्हटलं, तुम्ही खूप केलंत. मग मिलिंदला खाली आणलं, पाठ, डोकं, एक पाय, दुसरा पाय, आणि माझ्या जागेवर येऊन बसले. किल्ली हातात होती. मी ठरवलं की घरी जाऊन सांगायचं नाही, इथेच सांगायचं, कारण घरी गेल्यावर मी कुकर लावीन आणि सांगणार नाही.

मी सांगितलं. तो पुढच्या काचेतून बघत राहिला. मग म्हणाला, ‘माहीत आहे. जानेवारी.’

जानेवारीत काय, मी विचारलं. त्याचे एकेक शब्द आणि खुणा जोडत मला उलगडलं: जानेवारीतच कळलं होतं त्याला. पाऊल ज्याचं, त्याला कळणार नाही तर कुणाला? त्यानं मोरी-सानला हातानं खूण करून तसं सांगितलंही होतं, आणि शेवटपर्यंत येणार हेही सांगितलं होतं. म्हणजे फेब्रुवारी आणि मार्च, त्या सगळ्या सोमवार-बुधवार-शुक्रवारी, मी जीव मुठीत धरून त्या उतारावरून एका माणसाला अशा ठिकाणी नेत होते जिथून काही मिळणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मला रडू नाही आलं. राग आला. मी विचारलं, ‘मग कशाला येत राहिलास?’

तो शब्द शोधायला लागला. अशा वेळी त्याच्या तोंडात शब्द द्यायचा नाही, हे मी शिकले होते. बाहेर एक बाई सायकल लावत होती, तिची लावून झाली, कुलूप झालं, ती आत गेली. तेवढ्या वेळात त्याच्या कपाळावर घाम आला. आणि मग सप्टेंबरनंतर पहिल्यांदा त्याच्या तोंडून एक आख्खं वाक्य आलं, कुठेही न अडकता.

‘मी नसलो तर तुला कोण नेणार?’

म्हणजे ते दोन महिने तो पावलासाठी नाही, मला चालवायला शिकवण्यासाठी येत होता. मी क्लच दाबला, किल्ली फिरवली, पहिला टाकला, आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. पुन्हा फिरवली, पुन्हा बंद पडली.  रस्ता ठणठणीत कोरडा होता, आणि मला गाडी हलवता येईना.